खर्जाची डागडुजी

बेस गिटार वाजवणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, याला दोन तारा कमी का? दुसरा, मग खरी गिटार कधी शिकणार? पहिल्याचं उत्तर देता येतं. लिओ फेंडर नावाच्या अमेरिकन माणसाने १९५१ मध्ये हे वाद्य बाजारात आणलं, ते बँडच्या गाडीत न मावणाऱ्या, माणसाहून उंच डबल बेसला पर्याय म्हणून. त्याला चार तारा, म्हणून यालाही चार. दुसऱ्या प्रश्नाला मी हल्ली नुसती मान डोलावतो. वयाची पन्नाशी उलटल्यावर माणूस काहीतरी शिकणार आहे असं लोकांना वाटतं, हेच पुष्कळ.

चेन्नईत मात्र हे प्रश्न जरा कमी येतात. १९७६ मध्ये ‘अन्नकिळी’ हा तमिळ सिनेमा आला, संगीतकार इळयराजा नावाचं प्रकरण सुरू झालं, आणि इथल्या सिनेसंगीतात बेस मागच्या बाकावरून उठून पुढे येऊन बसला. त्या गाण्यांत खालचा आवाज नुसता ठेका धरत नाही. वर गायक एक चाल म्हणत असतो आणि खाली दुसरीच चाल आपल्या वाटेने निघालेली असते, मध्येच वरच्या चालीशी वाद घालते, पुन्हा समेवर भेटते. शशिधरन यांनी वाजवलेले ते तुकडे आणि पुढे रहमानच्या गाण्यांतले कीथ पीटर्स यांचे, हे इथे केवळ वादकांच्या कौतुकाचे विषय नाहीत. अड्यारच्या सिग्नलला थांबलेला रिक्षावाला गाणं गुणगुणता गुणगुणता शब्द सोडून ‘डुम् डुडुम्’वर उतरतो आणि सिग्नल सुटला तरी तुकडा पुरा केल्याशिवाय गिअर टाकत नाही. पुण्यात मी असा रिक्षावाला पाहिला नाही. तिथे तो थांबलाच तर आधी आश्चर्य वाटायचं.

माझा बेस स्वस्त आहे. नोकरी लागून बंगळुरूला निघालेल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडून तो घेतला. त्या किमतीत कांचीपुरमच्या साडीचा पदरही आला नसता. लाकूड कुठलं हे विचारायचं नसतं. वर रंगाचा थर एवढा जाड, की आत लाकूड आहे की नुसती श्रद्धा हे कळायला मार्ग नव्हता. खुंट्या सैल, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पातळ पत्र्याची, आवाजाचं बटण फिरवलं की भजी तळल्याचा आवाज. मुलगा म्हणाला, “अंकल, थोडं काम करून घ्या, मस्त होईल.” ते थोडं काम अजून चालू आहे.

महागडं वाद्य घेणाऱ्याला हे सुख नसतं. लाख-दीड लाखाच्या बेसला स्क्रू-ड्रायव्हर लावायला कुणाचा हात धजेल? तो तसाच वाजवायचा, पुसायचा आणि पेटीत ठेवायचा. आवाज वाईट आला तर दोष सरळ वाजवणाऱ्याकडे येतो. स्वस्त बेस या बाबतीत मोठा उदार. जे वाईट वाजेल त्याचा दोष तो विनातक्रार स्वतःकडे घेतो, आणि आपण नवा सुटा भाग मागवायला मोकळे. खुंट्या बदलू, घोडी बदलू, पिकअप बदलू. म्हणजे चुंबकाभोवती तारेचं वेटोळं असलेला तो भाग, जो तारेची थरथर पकडून तिची वीज करतो. असं करत करत वाद्याच्या किमतीच्या तिप्पट रक्कम त्याच्या पोटात जाते आणि ते विकायला काढलं की गिऱ्हाईक मूळ किमतीच्या निम्मे देतो. माझं मत विचाराल तर स्वस्त बेसवर पैसे घालायचा क्रम आधी तारा, मग जुळवणी, मग आतली वायरिंग आणि अगदी शेवटी पिकअप असा असावा. लोक नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतात, कारण पिकअप सुंदर डब्यात येतो आणि जुळवणी कुठल्याच डब्यात येत नाही.

तारांचं प्रकरण मोठं आहे. या शहराला समुद्र आहे, आणि समुद्राची हवा लोखंडाला हात लावल्याशिवाय पुढे जात नाही. त्यात आपल्या बोटांचा घाम. नव्या तारा लावल्या की पहिले काही दिवस पियानोच्या खर्जासारखा झणझणीत आवाज येतो. मग जाड तारेवर गुंडाळलेल्या बारीक तारेच्या खाचांत मळ बसतो, आवाज मिटत जातो, आणि महिन्या-दोन महिन्यांत बेस रजई पांघरून बोलल्यासारखा बोलू लागतो. साध्या परदेशी तारांच्या संचालाही दोन हजारांच्या आसपास पडतात. अण्णा सलाईवर म्यूझी म्यूझिकल नावाचं दुकान आहे, १८४२ पासूनचं, मिस्क्विथ आणि कंपनी या नावाने सुरू झालेलं. तिथे पियानो पाहत पाहत आत शिरायचं आणि बेसच्या तारांची किंमत ऐकून पियानो पाहत पाहतच बाहेर यायचं, हा माझा नेम आहे.

यावर बेसवाल्यांच्या जगात एक जुना उपाय आहे. तारा उकळणे. जुन्या तारा काढायच्या, वेटोळी करून साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळायच्या, खाचांतला मळ आणि तेल पाण्यात उतरतं, मग लगेच कोरड्या करून पुन्हा चढवायच्या. आवाज खरोखर उजळतो. थोडेच दिवस, पण उजळतो. आमच्याकडे एवढं रुंद भांडं एकच होतं, इडलीपात्र. बोअरचं पाणी खारं, त्याने तारांवर पांढरा थर धरला असता. म्हणून वीस लिटरच्या कॅनमधलं पाणी घेतलं. बायको स्वयंपाकघरात आली, तिने झाकण उघडून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “अहो, माणसांनी प्यायचं पाणी ना ते?” मी तिला मळ कसा सुटतो ते समजावून सांगितलं. तो सुटलेला मळ पाण्यावर तरंगतच होता, त्यामुळे समजावण्याचा परिणाम उलटा झाला. आता तारांसाठी वेगळं भांडं आहे आणि इडलीपात्रही नवं आहे. त्या दोहोंची किंमत मी तारांच्या बचतीतून वजा केलेली नाही.

खरं तर उलट्या पंथाचेही थोर लोक आहेत. मोटाउन कंपनीच्या शेकडो गाण्यांचा खर्ज ज्याने सांभाळला तो जेम्स जेमरसन तारा तुटल्याशिवाय बदलतच नसे. त्याच्या तारा सपाट पट्टी गुंडाळलेल्या, जाड, आणि वर्षानुवर्षांचा मळ खाल्लेल्या. तो मळ म्हणजेच आपला आवाज, असं त्याचं म्हणणं. ही माहिती मी घरी मुद्दाम सांगितली. बायकोने जेमरसनविषयी ताबडतोब आदर व्यक्त केला.

आतल्या वायरिंगसाठी रिची स्ट्रीटला जावं लागतं. अण्णा सलाईच्याच कुशीतली ही गल्ली म्हणजे विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची सुटी हाडं मिळण्याचं ठिकाण. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, आणि दुकानं एवढी अरुंद की दुकानदार आणि माल यांच्यापैकी एकालाच आत बसता येतं. “एन्न सार वेणुम?” मी अडीचशे किलो-ओहमचा पोटेन्शिओमीटर मागितला. त्याने विचारलं, “ए की बी?” हा प्रश्न महत्त्वाचा. बी म्हणजे सरळ प्रमाणात वाढणारा, ए म्हणजे आपल्या कानाच्या हिशेबाने वाढणारा. कान मोठे विचित्र. आवाज दुप्पट वाटायला त्यांना दुप्पट वीज पुरत नाही, कितीतरी जास्त लागते. बी लावला तर बटण थोडं फिरवताच आवाज भस्सकन वाढतो आणि उरलेल्या फेरीत काही घडत नाही. मी ‘ए’ म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग ४७३ आकड्याचा हिरवा कपॅसिटर. आवाजातला तीक्ष्णपणा जमिनीत सोडून देणारा हा चिमुकला भाग, किंमत सुट्या पैशांत मोजण्याएवढी. याच मापाचे, तेलात बुडवलेल्या कागदाचे ‘जुन्या काळचे’ कपॅसिटर हजारो रुपयांना विकले जातात आणि ते घेणाऱ्यांना त्यातून १९६० साल ऐकू येतं. मी दुकानदाराला हे सांगितलं. त्याने थोडा विचार करून कपॅसिटरचं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, कुठे साल छापलंय का ते.

आतून तांब्याची पट्टी चिकटवली, वायरी नव्याने डाखल्या. किरकिर गेली. पण एका पिकअपचा आवाज कमी केला की एक संथ घुमघुम उरते, ती या पट्टीला दाद देत नाही. ती घरातल्या विजेची. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, आणि बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी जो सूर आहे, पेटीवरची पांढरी पाच, तो एकोणपन्नासचा. म्हणजे अख्खा भारत रात्रंदिवस पांढरी पाचच्या किंचित चढ्या स्वरात गुणगुणतो आहे. अमेरिकेत हाच आकडा साठ. तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी अधांतरी पडतो, सुराला लागत नाही. विजेने आपल्याला निदान तंबोरा तरी बरा दिला. पांढरी पाचमध्ये गाणं असलं तर मी आता ती घुमघुम बंद करायला जात नाही.

जुळवणी हा मात्र खरा गाभा. बेसच्या चार तारा मिळून मानेवर सुमारे ऐंशी किलोंचा ओढा देतात. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस दिवसरात्र त्या लाकडी मानेला लोंबकळतो आहे. त्याला तोल म्हणून मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. अ‍ॅलन की घालून ती पाव फेरा पिळायची आणि एक रात्र थांबायचं. लाकडाला घाई चालत नाही. चेन्नईत तर पावसाळा येतो ऑक्टोबरात, जेव्हा आपल्याकडचे लोक छत्र्या माळ्यावर टाकतात. त्यात रात्री एसी, दिवसा दमट हवा. मान कधी पुढे वाकते, कधी मागे ताठरते. बाराव्या पडद्यावर तार दोन-अडीच मिलिमीटर उंच राहील अशी घोडी बसवायची. जास्त उंच ठेवली तर बोटं सोलतात, जास्त खाली आणली तर तार पडद्यांना घासून झर्र वाजते.

ही झर्र घालवण्यासाठी मी जितका जीव टाकतो, तितकं मला हसू येतं, कारण मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत लहानपणी मी तासन् तास उभा राहिलो आहे. तिथे तंबोऱ्याची घोडी कानस लावून इतकी नाजूक घासतात, वर तारेखाली सुताचा जीव असा सरकवतात, की तार घोडीला अगदी कळत न कळत घासत राहावी आणि त्यातून सुरांचं मोहोळ उठावं. त्याला जवारी काढणं म्हणतात आणि त्याचे पैसे पडतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिकडे घासण्यासाठी पैसे, इकडे घासू नये म्हणून पैसे. दोन्हीकडे कान एकच.

आमच्या खालच्या मजल्यावर मामी राहतात. मयलापूरच्या, वीणा वाजवणाऱ्या. बेसच्या सर्वांत खालच्या सुराची लाट आठ मीटरांहून लांब असते. आमचा हॉल तेवढा नाही. तेव्हा ती लाट पुरी व्हायला खालीच जात असणार. एके दिवशी मामी जिना चढून वर आल्या. मी क्षमा मागायच्या तयारीत होतो. त्या म्हणाल्या, “जाड तारेवर वरच्या घरात सूर चढतोय. रोज चढतोय. मला दुपारी झोप लागत नाही.” आवाजाबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच. बाराव्या पडद्यावर तार मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट वाजायला हवी, ती किंचित चढी वाजत होती. घोडीचा त्या तारेपुरता खांदा मागे सरकवायचा असतो. माझ्याकडे सूर दाखवणारं यंत्र होतं. मामींनी ते बाजूला ठेवायला सांगितलं आणि डोळे मिटून बसल्या. “कोंजम... कोंजम... पोदुम.” थोडं, थोडं, पुरे. नंतर मी गुपचूप यंत्र लावून पाहिलं. काटा मधोमध.

मामींना हे काम नवं नाही. वीणेचे चोवीस पितळी पडदे मेणात बसवलेले असतात. तंजावरच्या रघुनाथ नायकाने सतराव्या शतकात ही चोवीस पडद्यांची वीणा घडवली असं मानतात. मेण उन्हाने, वयाने सैलावतं, पडदे सुरातून सरकतात, मग कारागीर येऊन मेण उतरवतो आणि एकेक पडदा कानाने पुन्हा रोवतो. त्या बैठकीचं मामी असं वर्णन करतात, की घरात कुणी जावई आला होता असं वाटावं. माझ्या अ‍ॅलन कीकडे त्यांनी पाहिलं आणि विचारलं, “एवढंच?”

त्यांच्याशी बोलताना माझ्या लक्षात आलं, की वाद्यात हात घालण्याची आमची ही खोड या गावात खोड मानतच नाहीत. व्हायोलिन इथे आलं गोऱ्यांबरोबर. कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी ते मद्रासेत गोऱ्या माणसाकडून शिकून घेतलं. मग इथल्या लोकांनी त्याला खाली बसवलं, त्याचं डोकं घोट्यावर टेकवलं, तारा सा-प-सा-प लावल्या, आणि आता त्याला परकं म्हणायची कुणाची छाती नाही. यू. श्रीनिवास या मुलाने नवव्या वर्षी मैफल गाजवली ती मँडोलिनवर. मँडोलिनच्या जोडीजोडीने लावलेल्या आठ तारा जाऊन त्याच्या विजेच्या मँडोलिनवर पाच सुट्या तारा आल्या, म्हणून गमक खेचता आलं. कद्री गोपालनाथांनी सॅक्सोफोनच्या रचनेतच फेरफार केले. प्रसन्नाने आयआयटी मद्रासमधून जहाजबांधणीची पदवी घेतली आणि विजेच्या गिटारवर त्यागराज वाजवू लागला. आमची सांगली-मिरजही मागे नाही. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साक्ष काढत बावीस श्रुतींच्या पेटीचा घाट घातला होता. खाँसाहेब मिरजेचे, आणि त्यांनी १९३७ मध्ये देह ठेवला तो मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोविल स्टेशनावर. चेंगलपट्टूच्या लोकलने जाताना ते स्टेशन लागतं. मिरज-मद्रास रस्ता असा जुना आहे. मी त्यावरून स्वस्त बेस घेऊन चाललोय एवढंच.

पडदे काढून टाकण्याचाही मोह अधूनमधून होतो. जॅको पास्टोरियसने तेच केलं. जुन्या जॅझ बेसचे पडदे उपटले, खाचा लांबीने बुजवल्या, वर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा थर दिला, आणि ‘अन्नकिळी’च्याच वर्षी, १९७६ मध्ये, त्याची पहिली तबकडी आली तेव्हा बेस माणसासारखा गातो हे जगाला कळलं. (बोटींचा आणि वाद्यांचा काहीतरी संबंध असावा. प्रसन्नाला विचारलं पाहिजे.) मामींना यात काही विशेष वाटलं नाही. बिनपडद्यांची वीणा त्यांच्या लेखी जुनीच गोष्ट. गोट्टुवाद्यम म्हणतात तिला, चित्रवीणाही म्हणतात. आणि मागे पडलेलं ते वाद्य मैफलीत पुन्हा आणलं तिरुविडैमरुदूरच्या सखाराम राव यांनी. “तुमचेच लोक,” मामी म्हणाल्या. तंजावरचे मराठी म्हटले की इथले सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. जणू सरफोजी राजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. सांबाराचं श्रेय मी नेहमी घेतो. हेही घेतलं. पडदे मात्र काढले नाहीत. काढले तर मामींच्या दुपारच्या झोपेची जबाबदारी माझ्या बोटांवर आली असती.

नवरात्रात सरस्वतीपूजेला मामींच्या गोलूशेजारी, म्हणजे बाहुल्यांच्या मांडणीशेजारी, वीणा ठेवतात, गंध-कुंकू लावून. यंदा त्यांनी बेसही खाली आणायला सांगितला. बरोबर स्क्रू-ड्रायव्हर, अ‍ॅलन की, सोल्डरिंग आयर्नही आण म्हणाल्या, आयुधपूजाही तीच. त्या दिवशी वाद्य वाजवायचं नसतं, पुस्तक उघडायचं नसतं. संध्याकाळी मी तिथेच बसलो होतो. सवयीने हात बेसच्या एका सैल स्क्रूकडे गेला. मामींनी नुसतं पाहिलं.

आता त्या बेसमध्ये मुळातलं काय उरलंय याचा हिशेब मी त्यांना सांगत होतो. खुंट्या नव्या, घोडी नवी, मानेच्या टोकाला तारा ज्यात बसतात त्या नटच्या जागी हाडाची पट्टी, बटणं-वायरी रिची स्ट्रीटच्या, आणि शेवटी न राहवून पिकअपही नवे. काढलेला प्रत्येक भाग मी मैसूरपाकच्या एका रिकाम्या डब्यात जपून ठेवलाय. मामींनी डबा मागवला. चष्मा लावून त्यांनी एकेक वस्तू ताटात काढली, लावून पाहिली, मोजली.

“यात लाकूड सोडून सगळं आहे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तंजावरला आमच्या वीणेवाल्याकडे फणसाचे ओंडके असतात. एका ओंडक्यातून अखंड वीणा काढतात ते. याच्या मापाचा कागद कापून देशील का?”

मी वर जाऊन बेसभोवती पेन्सिल फिरवायला वर्तमानपत्र पसरलं. एक पान पुरत नव्हतं. बायकोने दुसरं आणून दिलं आणि विचारलं, “फणसाचं लाकूड उकळावं लागतं का हो?”